कोरसपर्यंतची चढण

पॉवर मेटलचा, म्हणजे हेवी मेटलच्या वेगवान आणि सुरेल शाखेचा, नवा अल्बम आला की पहिली चर्चा वेगाची होते. ड्रमर किती पळतोय, गिटारवाल्याने सोलोत किती स्वर कोंबलेत, वगैरे. मेलडिक रॉकचा, म्हणजे सुरेल धुनेवर उभ्या असलेल्या रॉकचा, आला की गायकाच्या गोडव्याची आणि कीबोर्डच्या चमकेची. माझ्या मते दोन्हीकडे खरी परीक्षा वेगळ्याच जागी असते. या दोन्ही प्रकारांत गाणं तरतं किंवा बुडतं ते कोरसवर, म्हणजे कडव्यांनंतर परत परत येणाऱ्या मुख्य ओळींवर, आणि कोरस लागणार की नाही हे त्याच्या आधीच्या वीस-तीस सेकंदांत ठरून गेलेलं असतं. कडव्यातून कोरसकडे नेणारी ती चढण नीट बांधली असेल तर ११५ बीपीएमचं (मिनिटाला ११५ मात्रांचं) गाणंही अंगावर काटा आणतं. ती नसेल तर २०० बीपीएमचं गाणं नुसतं धावतं, पोचत कुठेच नाही.

सुरुवात मेलडिक रॉकपासून करू, कारण तिथे गाण्याचा सांगाडा स्पष्ट दिसतो. जर्नी या अमेरिकन बँडच्या १९८१ च्या 'एस्केप'मधलं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' घ्या. गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं, आणि शीर्षकाची ओळ, ज्याला आपण मुखडा म्हणू, ती तिसरं मिनिट उलटून गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येते. तोवर पियानोचा फेरा चालू राहतो, त्यावर वाद्यं थराथराने चढत जातात आणि ऐकणारा वाट पाहत राहतो. वाट पाहायला लावणं ही या संगीतातली सगळ्यात अवघड कला आहे. बॉन जोव्हीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेयर'मध्ये (१९८६) वेगळी युक्ती आहे. शेवटचा कोरस तीन अर्धस्वर वर उडी मारतो आणि त्या उडीच्या तोंडावरच एक मात्रा गाळलेली आहे. चाराच्या चक्राची सवय झालेला कान समेची वाट बघत असतो आणि सम एक मात्रा आधीच येऊन आदळते. पायाखालची पायरी अचानक वर सरकावी तसं होतं. स्वर नुसता चढवला असता तर निम्माही परिणाम झाला नसता.

पॉवर मेटलमध्ये हीच चढण तिप्पट वेगाने बांधावी लागते, म्हणून ती चुकण्याची शक्यताही जास्त. आधी तिचे सुटे भाग पाहू.

बहुतेक गाणी मायनर पट्टीत असतात. ए मायनर धरलं तर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांची, सगळ्यात वापरातली चाल म्हणजे एफ, जी आणि मग ए मायनर. आपल्या भाषेत कोमल धैवत, कोमल निषाद आणि षड्ज. दोन पायऱ्या चढून घरी येणं. ही चाल इतकी भरवशाची आहे की पुष्कळ बँड ती कडव्यातही वापरतात आणि कोरसमध्येही, आणि तिथेच घात होतो. कडव्यातच चार वेळा घरी पोचलेल्या माणसाला कोरसमध्ये घरी आल्याचा आनंद कसा होणार? चांगला रचनाकार प्री-कोरसमध्ये, म्हणजे कोरसच्या आधीच्या त्या चढणीत, षड्जाचा कॉर्ड टाळतो. तो एफ आणि डी मायनरभोवती घुटमळतो आणि शेवटी ई मेजरवर येऊन थांबतो. त्या ई मेजरमध्ये शुद्ध निषाद आहे. तो निषाद षड्जाला अर्ध्या स्वरावरून खेचत असतो, त्यामुळे पुढचा ठोका कुठे पडायला हवा हे संगीताची काहीही माहिती नसलेल्या माणसालाही कळतं. मायनर पट्टीत हा शुद्ध निषाद घेतला की जी स्वरावली तयार होते ती म्हणजे आपल्याकडची कीरवाणी. गिटारवादक इंग्वे मालमस्टीनने १९८४ च्या 'रायझिंग फोर्स'मध्ये ही स्वरावली इतक्या ठसठशीतपणे वापरली की त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक पॉवर मेटल गिटारवादकाच्या बोटांत ती बसलेली आहे.

दुसरी युक्ती मूर्च्छनेची. कडवं ए मायनरमध्ये आणि कोरस सी मेजरमध्ये. स्वर तेच, पण कोमल गंधाराला षड्ज मानलं की सगळा रंग पालटतो. पॉवर मेटलच्या कोरसमध्ये एकदम उजेड पडल्यासारखं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा एवढीच गोष्ट असते.

हा उजेड पाडतं कोण, हेही पाहण्यासारखं आहे. मुद्दाम खरखरीत केलेल्या (डिस्टॉर्शनच्या) आवाजाच्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवला तर त्यातला गंधार बाकी स्वरांशी घासून खरखर करतो, म्हणून रिदम गिटारवाले फक्त षड्ज आणि पंचम वाजवतात. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. या कॉर्डला मेजर-मायनर काहीच नसतं. ते ठरवतात गायक, मागचा समूहस्वर आणि कीबोर्ड. म्हणून या दोन्ही प्रकारांत मिक्सिंग करताना समूहस्वर मागे ढकलला की कोरस एकदम निर्जीव होतो. गिटारी कितीही भरदार असोत, गाण्याला रंग देणारा स्वरच त्यांच्यात नाही. ब्लाइंड गार्डियनचे कोरस इतके भव्य का वाटतात याचं उत्तर इथे आहे. क्रेफेल्डच्या या बँडचा गायक हान्सी क्युर्श आपल्याच आवाजाचे थर चढवतो, शिवाय स्वतंत्र गायकांचा ताफा असतो. १९९५ चा 'इमॅजिनेशन्स फ्रॉम द अदर साइड' ऐकताना एकदा गिटारींकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त समूहस्वर ऐका. कॉर्ड त्यांनीच धरून ठेवलेले दिसतील.

आता ड्रम. १८० बीपीएमला डबल किक (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) एका मात्रेत चार ठोके अशी वाजवली तर सेकंदाला १२ ठोके पडतात. दोन ठोक्यांमध्ये अंतर साधारण ८३ मिलिसेकंद. नैसर्गिक किक ड्रमची खालची घुम त्याहून बराच वेळ रेंगाळते, त्यामुळे पहिल्या ठोक्याची शेपटी दुसऱ्यावर पडते आणि सगळं मिळून एक गुरगुर तयार होते. शिवाय या वेगात पाय उचलायला जागाच नसते, ठोके हलके पडतात आणि एकसारखे पडत नाहीत. म्हणून इंजिनीअर दोन गोष्टी करतात. खालच्या फ्रिक्वेन्सी कापून ३ ते ५ किलोहर्ट्झचा भाग वर आणतात, म्हणजे ठोक्याचा नुसता टोकदार टक् उरतो. आणि ट्रिगर (ठोका टिपणारा सेन्सर) लावून प्रत्येक ठोक्याच्या जागी ठरावीक रेकॉर्ड केलेला ठोका बसवतात. पहिली गोष्ट अटळ आहे. दुसरी अति झाली की टंकलेखन यंत्रासारखा आवाज येतो, कारण बाराच्या बारा ठोके हुबेहूब सारखे असतात. ओळखायची सोपी खूण अशी: ड्रमर फिल (दोन भागांमधली ठोक्यांची छोटी लड) घेऊन टॉम या वरच्या ड्रमवरून परत किकवर येतो तेव्हा किकची पातळी जराही हलत नसेल, तर तिथे माणसाच्या पायाचा अंश फार कमी शिल्लक आहे.

चढणीशी याचा संबंध थेट आहे. कडव्यात, प्री-कोरसमध्ये आणि कोरसमध्ये डबल किक अखंड चालू राहिली तर वाढवायला काही उरत नाही. जुन्या जाणत्या ड्रमरांचा डाव बघा: प्री-कोरसला स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) निम्म्या लयीत टाकायची, किक मोकळी सोडायची, आणि कोरसच्या पहिल्या मात्रेला दोन्ही पाय पुन्हा सुरू करायचे. बीपीएम तेच राहतं, पण धरण फुटल्यासारखं वाटतं. स्ट्रॅटोव्हेरियसच्या १९९७ च्या 'व्हिजन्स'वर योर्ग मिखाएलचं वाजवणं या दृष्टीने ऐकावं. त्या अल्बममध्ये मध्यम लयीची गाणी आणि एक दीर्घ गाणंही आहे, म्हणूनच त्यातली वेगवान गाणी वेगवान वाटतात. ड्रॅगनफोर्सचं २००६ मधलं २०० बीपीएमचं, सात मिनिटांहून मोठं 'थ्रू द फायर अँड फ्लेम्स' हे या शैलीचं टोक. ते गाणं चालतं, कारण त्याचा कोरस सावकाश, लांब स्वरांचा आहे. खाली घोडे उधळलेले आणि वर गायक शांतपणे आलाप घेतल्यासारखा. अनुकरण करणाऱ्यांनी घोडे घेतले, लांब स्वर घेतले नाहीत.

हे दोन प्रकार एकत्र घेण्याचं कारण आता सांगतो. त्यांचे चाहते बऱ्याचदा एकमेकांना परके मानतात, पण घराणं एकच आहे. युरोप या स्वीडिश बँडचा 'द फायनल काउंटडाउन' (१९८६) केविन एल्सनने निर्माण केला, आणि जर्नीच्या 'एस्केप'च्या निर्मितीतही माइक स्टोनसोबत हाच एल्सन होता. शीर्षकगीताखालची लय मात्र एक लांब आणि दोन आखूड ठोक्यांची, घोड्याच्या टापांसारखी आहे. ब्रिटिश मेटल बँड आयर्न मेडनकडून पॉवर मेटलने उचलली तीच. लय ११८ बीपीएमच्या आसपास आहे, ती १६० वर नेली आणि कीबोर्डची धून दोन गिटारींना तिसऱ्या स्वराच्या अंतराने वाजवायला दिली तर पॉवर मेटलचं गाणं तयार होईल. डेन्मार्कच्या प्रिटी मेड्सने तर १९८४ च्या 'रेड, हॉट अँड हेवी'पासून दोन्हीतली सीमा कधी मानलीच नाही.

आणि हॅम्बुर्गचा हेलोवीन बँड. १९८७ चा 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चा पहिला भाग आणि १९८८ चा दुसरा. बँडला हा दुहेरी अल्बम म्हणून काढायचा होता, कंपनीने नकार दिला म्हणून दोन भाग झाले. गायक मिखाएल किस्के बँडमध्ये आला तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याचा आवाज मेटलमधल्या तेव्हाच्या चालीप्रमाणे खरखरीत नव्हता, स्वच्छ आणि मोकळा होता. तार सप्तकात गेल्यावरही स्वर गोल राहायचा. दुसऱ्या भागातलं गिटारवादक वायकाथचं 'ईगल फ्लाय फ्री' आजही या शैलीचा नमुना म्हणून दाखवावं असं आहे. मधल्या भागात गिटारी, बास आणि ड्रम सगळ्यांना आपापली जागा मिळते, तरी गाणं पाच-सव्वापाच मिनिटांतच संपतं. याच किस्केने २००५ मध्ये 'प्लेस व्हेंडोम' या नावाने निव्वळ मेलडिक रॉकचा अल्बम गायला. पिंक क्रीम ६९ या बँडच्या डेनिस वॉर्डची निर्मिती होती. आवाज तोच, लय अर्धी, डबल किक नाही. दोन्ही घरांतला फरक किती थोडा आहे हे पाहायचं तर 'कीपर'चा दुसरा भाग आणि हा अल्बम लागोपाठ ऐका.

असाच दुवा मास्टरप्लॅनच्या २००३ च्या पहिल्या अल्बमवर सापडतो. हेलोवीनमधून बाहेर पडलेले रोलांड ग्रापोव्ह आणि उली कुश एका बाजूला, आणि योर्न लांडेचा ब्लूजकडे झुकणारा, भरलेला गळा दुसऱ्या बाजूला. पॉवर मेटलमध्ये तार सप्तकच हवं हा समज त्या अल्बमने मोडला. टोबियास सामेटच्या अव्हांटासिया या प्रकल्पाने तर २००१ च्या 'द मेटल ऑपेरा'पासून पुढे एकाच छताखाली किस्के, लांडे, मॅग्नमचा बॉब कॅटली, मिस्टर बिगचा एरिक मार्टिन, प्रिटी मेड्सचा रॉनी अॅटकिन्स अशा सगळ्यांना गायला लावलं. यातल्या एकाच गाण्यात दोन जातींचे आवाज आले की कान द्या: सामेट कडवं सहसा जाड आवाजाला देतो आणि चढण उंच आवाजाला. चढणीला आवाजाचा पोतही कामाला लावता येतो, हे फार थोड्यांना सुचतं.

गोथेनबर्गच्या लॉस्ट होरायझनबद्दल एक वाक्य तरी हवंच. २००१ आणि २००३ चे दोनच अल्बम, आणि डॅनिएल हायमनचा गळा. ज्यांनी ऐकले नाहीत त्यांनी हा लेख अर्धा सोडून आधी ते ऐकले तरी चालेल.

नव्या अल्बमची तपासणी

नवा अल्बम हातात आला की आधी एकूण लांबी पाहावी. ४० ते ५० मिनिटं ही या संगीताची नैसर्गिक लांबी आहे. 'कीपर'चा पहिला भाग ३७ मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यात १३ मिनिटांचं गाणंही बसलं आहे. सीडी आल्यावर ७० मिनिटं भरण्याची चाल पडली आणि सातव्या ते दहाव्या गाण्यांच्या दरम्यान भरतीचा माल येऊ लागला. एकेरी (सिंगल) म्हणून आधी काढलेली गाणी बहुधा पहिल्या चारांत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून अल्बमबद्दल मत बनवू नये. मी पाचवं आणि आठवं गाणं आधी ऐकायचा सल्ला देईन. रचनाकाराकडे खरंच माल आहे की दोन कोरसवर अल्बम विकायला काढलाय, ते तिथे कळतं.

पहिलं ऐकणं कमी आवाजात करावं, शेजारी बोलणं सुरू असताना पार्श्वभूमीला लागेल इतक्या. माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, म्हणजे किक आणि बासचा दणका आपोआप गळून पडतो. जे उरतं ती धून. कोरस तरीही उठून दिसला तर तो धुनेच्या जोरावर उभा आहे. दुसरं ऐकणं हेडफोनवर. रिदम गिटार एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी दोनदा स्वतंत्र वाजवलेली असायला हवी. दोन्हींत सूक्ष्म फरक असतात, त्यातूनच रुंदी येते. काही ठिकाणी एकच ट्रॅक कॉपी करून थोडा पुढेमागे सरकवलेला असतो. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो करून पाहा: खऱ्या दुहेरी गिटारी मोनोतही भरीव राहतात, कृत्रिम रुंदीच्या गिटारी पोकळ होतात, डब्यातून आल्यासारख्या. तिसरं ऐकणं फक्त बासवर लक्ष ठेवून. पॉवर मेटलमध्ये बास बऱ्याचदा किक आणि गिटार यांच्यामध्ये चिरडला जातो. तो वेगळा ऐकू आला तर मिक्सिंग करणाऱ्याने खरंच कष्ट घेतलेत. मग दुसऱ्या दिवशी अल्बम न लावता किती कोरस गुणगुणता येतात ते मोजायचं. दहापैकी चार आले तर अल्बम चांगला. सहा आले तर तो वर्षभर सोबत राहील.

मेलडिक रॉकमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते, श्रेयनामावली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या नेपल्सच्या फ्रंटियर्स या रेकॉर्ड कंपनीने हा प्रकार जवळजवळ एकहाती जिवंत ठेवला, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. त्या काळात मोठ्या कंपन्यांनी याकडे पाठ फिरवली होती. पण तिथल्या बऱ्याच अल्बमांची रीत प्रकल्पाची आहे: कंपनी गायक आणि रचनाकार जुळवते, प्रत्येकजण आपापल्या ठिकाणी रेकॉर्डिंग करतो आणि फाइल्स एकमेकांकडे जातात. यातून उत्तम कामं झाली आहेत. मॅग्नस कार्लसनने लिहिलेला आणि रसेल अॅलन व योर्न लांडेने गायलेला २००५ चा 'द बॅटल' किंवा वर्क ऑफ आर्ट, एक्लिप्स आणि टॅलिझ्मन यांच्या माणसांचा २००९ चा डब्ल्यू.ई.टी. ही ठळक उदाहरणं. अडचण कुठे येते? एकाच माणसाने वर्षाला अनेक अल्बम लिहिले तर प्री-कोरसचा साचा तोच राहतो, आणि सगळं क्लिक ट्रॅकवर (वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर) एकाच बीपीएमला पक्कं केल्यामुळे कोरसला लय किंचितही पुढे झुकत नाही. एकत्र वाजवणारा बँड कोरसला नकळत दोन-एक बीपीएम वाढवतो. ती वाढ कानाला कळत नाही, पण अंगाला कळते.

याच्या उलट उदाहरण स्वीडनच्या हीटचं. हा बँड उप्लान्ड्स वेस्बीचा, म्हणजे युरोप बँडच्याच गावचा. एरिक ग्रोनवॉल बँडमध्ये आल्यावरचा २०१२ चा 'अॅड्रेस द नेशन' आणि मूळ गायक केनी लेक्रेमो परतल्यावरचा २०२२ चा 'फोर्स मजॉर' शेजारी ठेवा. गायक बदलला तरी गाण्यांची बांधणी तीच राहिली, कारण वाजवणारे आणि लिहिणारे हात एकत्र मुरलेले आहेत. सोईलवर्क आणि आर्च एनेमीच्या वादकांनी उभा केलेला नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्राही असाच. यात ड्रम आणि बास खरोखर नाचतात.

पॉवर मेटलच्या बाजूला सिंफनी हा वेगळा विषय आहे. त्रिएस्तेच्या रॅप्सडीने १९९७ च्या 'लेजेंडरी टेल्स'ने दार उघडलं. वोल्फ्सबुर्गमध्ये निर्माता साशा पेथच्या हाताखाली तयार झालेला त्यांचा तो आवाज मग अनेकांनी उचलला. आज सॉफ्टवेअरमधलं व्हायोलिन कुणालाही मिळतं आणि तेच घातक ठरतं. खऱ्या वाद्यवृंदात गज पालटताना क्षणभर स्वर ढिला पडतो, सोळा व्हायोलिनं अगदी एकाच क्षणी सुरू होत नाहीत. सॉफ्टवेअरमधलं, रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवर चालणारं व्हायोलिन प्रत्येक स्वर एकाच जोराने सुरू करतं. त्यातून ते गिटारच्याच पट्टीत, २०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झमध्ये, सतत वाजत राहिलं तर दोघंही एकमेकांना खातात. उपाय जुनाच आहे: गिटार रिफ वाजवत असेल तेव्हा तंतुवाद्यांनी गप्प राहावं किंवा वरच्या सप्तकात जावं. ब्लाइंड गार्डियनने २०१० च्या 'अॅट द एज ऑफ टाइम'साठी प्रागचा खरा वाद्यवृंद घेतला आणि तो मोजक्याच गाण्यांत वापरला. जपानच्या गॅल्नेरियसने २०१२ च्या 'एंजल ऑफ सॅल्व्हेशन'च्या दीर्घ शीर्षकगीतात चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन काँचेर्तोची धून गुंफली आहे. त्यांच्या स्यूची गिटार तिथे व्हायोलिनशी भांडत नाही, त्याची जागा घेते.

कोणती आवृत्ती घ्यावी

मास्टरिंगमधल्या (तयार मिक्सवर फिरणारा शेवटचा हात) आवाजाच्या शर्यतीने, म्हणजे आपला अल्बम इतरांहून मोठा वाजावा या हट्टाने, या संगीताचं जेवढं नुकसान केलंय तेवढं इतर कशानेही केलं नसेल. ऐंशीच्या दशकातल्या सीडींची डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर, मोजणीत साधारण १२ ते १४ येते, आजच्या मेटल अल्बमांची ५ ते ७. लिमिटरने सगळ्या लाटांची टोकं छाटली की कडवं आणि कोरस एकाच उंचीचे होतात. मग प्री-कोरसमध्ये रचनाकाराने कितीही चढण बांधलेली असो, माथा आधीच सपाट केलेला असतो. आणि याचा फायदाही कुणाला नाही. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, अॅपल उणे १६ वर. उणे ७ वर मास्टर केलेला अल्बम तिथे ७ ते ९ डेसिबलने खाली ओढला जातो. जोर जातो, छाटलेली टोकं तेवढी राहतात. म्हणून जुन्या अल्बमची 'रिमास्टर्ड' आवृत्ती घेण्याआधी मूळ सीडीशी तुलना करून पाहावी. तुलना करताना दोन्हींची पातळी कानाने सारखी करून घ्यायला विसरू नका, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

रिमास्टर, रिमिक्स आणि पुन्हा रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तयार मिक्सवरच काम होतं, दुसऱ्यात वाद्यांचं प्रमाण बदलतं, तिसऱ्यात सगळं नव्याने वाजवलं जातं. सोनाटा आर्क्टिकाचा १९९९ चा 'एक्लिप्टिका' हवा असेल तर २०१४ चा 'एक्लिप्टिका रिव्हिझिटेड' घेऊन चालणार नाही. तो पुन्हा रेकॉर्ड केलेला आहे आणि पंधरा वर्षांनी गळाही बदललेला आहे. एडगायच्या २००० च्या 'द सॅव्हेज पोएट्री'चंही तसंच, मूळ १९९५ चा.

जपानी आवृत्तीत एखादं गाणं जास्त असतं, त्यामागे साधं कारण आहे. तिथे देशात छापलेली सीडी आयात केलेल्या सीडीपेक्षा महाग पडायची, त्यामुळे लोकांनी देशी आवृत्ती घ्यावी म्हणून कंपन्या जादा गाणं मागून घेऊ लागल्या. ते गाणं सहसा अल्बममधून वगळलेलं असतं आणि का वगळलं ते ऐकल्यावर कळतं. पण मेलडिक रॉकमध्ये कधीकधी त्याच गाण्याची नुसत्या गिटार-पियानोवरची आवृत्ती मिळते. ती मात्र मोलाची, कारण तिथे चढण उघडी दिसते.

तबकडी घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर एका बाजूला १८ ते २२ मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा जवळजवळ येतात, आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते आणि बास पातळ होतो. डेफ लेपर्डचा १९८७ चा 'हिस्टेरिया' ६२ मिनिटांचा असून मुळात एकाच तबकडीवर आला होता. आजची दोन तबकड्यांची आवृत्ती त्यावर कितीतरी सरस. दुसरी अडचण आतल्या खाचांची. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत पोचेपर्यंत जेमतेम २१. तिथे झांजा आणि गायकाचे 'स'कार फाटतात. पॉवर मेटलचं सगळ्यात लांब, सगळ्यात गजबजलेलं गाणं नेमकं अल्बमच्या शेवटी असतं. तेव्हा ६० मिनिटांच्या अल्बमची एकेरी तबकडी दिसली तर सीडीच घ्यावी.

डिजिटलवर ऐकणाऱ्यांनी क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणारी सोय) बंद करावं आणि गाण्यांमध्ये खंड पडत नाही ना हे तपासावं. ब्लाइंड गार्डियनच्या १९९८ च्या 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ'मध्ये २२ तुकडे आहेत, त्यातले निम्मे गाण्यांना जोडणारे छोटे प्रवेश. शफल लावलं की त्याचा भुगा होतो.

शेवटी एक ऐकण्याचा प्रयोग. २०१६ मध्ये किस्के आणि बँडचा जुना गिटारवादक काय हान्सेन हेलोवीनमध्ये परतले, आणि २०२१ मध्ये तीन गायकांचा 'हेलोवीन' याच नावाचा अल्बम आला. जर्मनीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ड्रमर डानी ल्योब्लेने त्यासाठी दिवंगत इंगो श्विख्टेनबर्गचा ड्रम संच वापरला, म्हणजे 'कीपर'च्या काळातला. त्या अल्बमचं शेवटचं गाणं 'स्कायफॉल' बारा मिनिटांचं आहे, आणि आधी एकेरी म्हणून त्याची सातेक मिनिटांची आवृत्ती काढली होती. दोन्ही घड्याळ लावून ऐका. कोरस दोन्हींत तेच आहेत. प्रत्येक कोरसच्या आधी किती सेकंद मिळाले ते लिहून ठेवा, आणि मग बारा मिनिटांची आवृत्ती पुन्हा लावा.